नाल्याकडचा तिसरा कोपरा

बोरखडी, पो. बाभुळगाव
१० ऑक्टोबर १९६१

चि. विमल,

आशीर्वाद आहेतच. माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहितो.

यंदाच्या पुरात आपल्या तिकोन्या वावराचा नाल्याकडचा हद्दीचा गोटा वाहून गेला. नाल्यानं काठही बदलला. बाबांनी गावाच्या मालक इजारदाराकडून हे वावर घेतलं तेव्हा त्याच नंबराचा उरलेला तुकडा तांड्यातल्या पूनमसिंगच्या बापानं घेतला होता. सरकारी नकाशात दोन्ही मिळून एकच नंबर आहे. दोन वावरांमधला धुरा बाबांनी मोजून घातला, तोच काय तो पुरावा. आता गोटा गेल्याबरोबर पूनमसिंगला जोर चढला.

बाबांच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवतो. निंबाखालच्या गोट्यापासून सडकेनं कोपऱ्याच्या खांबापर्यंत वीस साखळ्या. खांबापासून धुऱ्यानं नाल्याच्या गोट्यापर्यंत अकरा साखळ्या. निंबापाशी सडक आणि नाल्याची बाजू यांच्यामधला कोन तीस अंश. नाल्याची बाजू मोजलेली नाही. तिथे तेव्हा बाभळीचं बन होतं, काट्यांत साखळी ओढता येत नव्हती.

मी खांबापासून अकरा साखळ्या मोजल्या आणि तांड्यातल्या मानीबाईच्या विहिरीच्या पलीकडे पोचलो. म्हणजे विहीर आपल्यात आली. पूनमसिंगनं मोजल्या, तो विहिरीच्या अलीकडेच थांबला आणि चौघांत तोंड वर करून म्हणतो, "माह्याही अकराच भरून राह्यल्या!" त्याच्या आणि माझ्या खुणेत एकराच्या वर जागा आहे. साखळी ढिली सोडली की कड्या मोजायच्या चुकवल्या, देव जाणे. असा राग आला की साखळीच त्याच्या अंगावर फेकणार होतो.

तू गणिताची मास्तरीण आहेस. निंबापासून नाल्याच्या गोट्यापर्यंत किती साखळ्या भरतात ते काढ आणि सही करून पाठव. पंचांपुढे ठेवतो.

सोबत हक्कसोडपत्र आहे. नवीन कायदा झाल्यापासून पटवारी म्हणतो, बापाच्या शेतावर भावाचं नाव चढवायचं तर बहिणीची सही लागते. फुली केली आहे तिथे सही कर. भाऊबीजेला ये. तुझ्या बेबीवहिनीनं तुझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं आहे.

तुझा भाऊ
नागोराव


दारव्हा
१६ ऑक्टोबर १९६१

भाऊ,

नमस्कार करते आणि लगेच भांडते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षांत तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत काहीतरी काम होतं. यावेळी तर गणित, सही आणि लुगडं एकाच लिफाफ्यात! "फुली केली आहे तिथे" म्हणे. मी काय अंगठेबहाद्दर आहे? कागद ठेवून घेतला आहे. वाचीन, मग ठरवीन.

गणित मात्र केलं, कारण आकडे बाबांचे आहेत. बाबा जन्मभर मोजणी खात्यात दुसऱ्यांच्या शेतात साखळी ओढत फिरले, आणि स्वतःचं शेत एकदाच मोजलं. त्यांनी कोन धुऱ्यापाशी न घेता निंबापाशी घेतला, हे जरा अडचणीचं केलं. पण खात्यानं मोडीत काढलेला कंपास हाती घेऊन काट्यांतून जमेल तसं त्यांनी मोजलं असणार.

साइनचं कोष्टक लावलं. नाल्याकडचा कोन आला पासष्ट अंश आणि थोडा वर. त्यावरून निंबापासून नाल्याच्या गोट्यापर्यंत एकवीस साखळ्या चौदा आणे, सोळा आण्यांची एक साखळी धरून. वेगळ्या कागदावर मांडून सही केली आहे, तो पंचांना दाखव.

म्हणजे तुझी खूण बरोबर. पूनमसिंगकाकांना सांग, अकरा इकडेही भरल्या आणि तिकडेही, असं होत नसतं. एका त्रिकोणाला दोन उत्तरं नसतात. पण त्यांच्यावर साखळी फेकायची भाषा करू नकोस. बाबांनी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, भाऊबीजेला येणं जमणार नाही.

विमल


बोरखडी
३ नोव्हेंबर १९६१

चि. विमल,

शाब्बास! तुझा कागद पंचांपुढे ठेवला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. पटवाऱ्यानं तो मोठ्यानं वाचला. नामदेव पाटील म्हणाले, "नानाजीची पोरगी मॅट्रिकच्या पोरींले शिकवते, ते काय खोटं लिहीन?" पंचनामा झाला आणि त्याच दिवशी नवा गोटा रोवला.

पूनमसिंगनं सही केली नाही. त्याच्या सहीवाचून काही अडलं नाही. मी विहिरीसकट बोरीच्या काट्याचं कुंपण घातलं. मानीबाई काट्यांपाशी उभी राहून मला तोंडाला येईल ते बोलली. मी म्हटलं, बाई, माझ्यावर कायले चिडतेस, हिशेब माझा नाही, तुमच्या विमलताईचा आहे.

गावात तुझं नाव झालं बघ. हक्कसोडाचा कागद तेवढा लवकर पाठव. पटवारी विचारून राहिला.

नागोराव


बोरखडी तांडा
२४ नोव्हेंबर १९६१

विमलताईले पूनमसिंगचा रामराम.

मी चौथी शिकलो. पाटी तुमच्याच बाबांनी देल्ली होती. म्हणून हे पत्र दुसऱ्याच्या हातानं न लिहिता मीच लिहून राह्यलो. चुकलं माकलं समजून घ्या, पण राग समजून घेऊ नका. राग खरा आहे.

ताई, आमच्या तांड्यात बत्तीस घरं आणि गोडं पाणी त्या एका विहिरीचं. माझा भाऊ मेला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या भावजयीनं, मानीबाईनं, ती खणली. मोटेचा दोर तिनं स्वतः ओढला. तुमचे बाबा पाहायले येत. पाणी लागलं त्या दिवशी पहिला गडू तिनं तुमच्या बाबांच्या हातात देल्ला. विहीर त्यांच्या वावरात असती तर ते बोलले नसते काय? आता बाया प्याच्या पाण्यासाठी नाल्याकाठानं अर्धा कोस वर, डोहावर जातात. तो तुमचा कागद पंचांपुढे फडफडवला तवा मानीबाईनं मले इचारलं, "हे ताई आपलं पानी पेली होती ना?" मी काय सांगू?

मले साइन का काय ते समजत नाही. पण माझ्या साखळ्या अकराच होत्या. कोणी ढिली सोडली नाही.

आणखी एक ऐका. गोटा रोवताना खाली कोळसा पुरतात. लाकूड सडते, कोळसा सडत नाही. गोटा गेला तरी कोळसा साक्ष देते. आपल्या धुऱ्याचा कोळसा मी माझ्या चुलीतून टोपलीभर आणला होता. तुम्ही तवा पाळण्यात होत्या. तुमचा भाऊ दहा-अकरा वर्षांचा, बाबांच्या मागंमागं होता. बाबांनी त्याच्याकडूनही कायतरी त्या खड्ड्यात टाकून घेतलं. "वावर उद्या ह्याचं आहे, आवडीचं कायतरी टाकू दे, म्हंजे जागा जन्मात इसरणार नाही," असं म्हणाले. ते पोरगं घरापर्यंत रडत गेलं. काय टाकलं ते मले आठवत नाही. भाऊले इचारा.

आता नव्या गोट्यासाठी खड्डा खणला तवा कोळशाचा कणही निघाला नाही. मी पंचांले दाखवलं. भाऊ म्हणाला, पुरानं नेला. मी माझ्या खुणेवर दोन खड्डे खणले, तर नुसती रेतीच. नाल्यानं काठ बदलला, झाडं गेली, नेमकी जागा सापडून नाही राह्यली. लोक हसले.

तुमचे बाबा असते तर त्यांनी मले हसू देल्लं नसतं.

पूनमसिंग


दारव्हा
२ डिसेंबर १९६१

भाऊ,

चूक माझी आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला पळवाट राहणार नाही.

काल अकरावीच्या वर्गात त्रिकोण काढायला शिकवत होते. मोठ्या हौसेनं आपल्या वावराचे आकडे घेतले. फळ्यावर वीसची रेघ मारली, एका टोकाला तीसचा कोन केला आणि नाल्याची रेघ लांबवर ओढली. दुसऱ्या टोकावर, म्हणजे खांबावर, परकार टेकवून अकराचा कंस फिरवला. हंसा नावाची मुलगी पुढच्या बाकावर बसते. ती म्हणाली, "बाई, कंस रेघेले दोन जागी कापून राह्यला. कोनता गोटा खरा?"

मी परकार पुन्हा टेकवून फिरवला. कंस खरंच दोन जागी कापत होता. एकदा जवळ, एकदा दूर. साइनच्या कोष्टकात नव्वद अंशांपुढे काही छापलेलंच नसतं. मी पासष्टावर बोट ठेवलं आणि खुशाल थांबले. तेच साइन एकशे चौदाच्या कोनालाही असतं, हे मीच दरवर्षी शिकवते! बाबांनी कोन दोन मोजलेल्या बाजूंच्या मधला घेतला असता तर हा घोळ झालाच नसता. पण तो समजायला मी तिथे बसले आहे ना? सही करण्याआधी एक चित्र काढायची मला लाज वाटली काय? असा संताप आला की मुलींना सोडून खोलीवर आले.

तर दुसरं उत्तर बारा साखळ्या बारा आणे. तिथूनही खांब अकराच साखळ्यांवर. पूनमसिंगकाकांची साखळी ढिली नव्हती, माझं डोकं ढिलं होतं. दोन खुणांच्या मधली जागा एक एकर सहा गुंठे. बत्तीस घरांचं पाणी त्यात आहे.

हे माझं झालं. आता तुझं. खड्ड्यात कोळसा निघाला नाही, हे तू मला का कळवलं नाहीस? "गावात तुझं नाव झालं" हे लिहायला जागा होती, आणि कोळशाची एक ओळ लिहायला नव्हती? गोटा पुरला तेव्हा तू बाबांबरोबर होतास म्हणे. मग मला आकडे कशाला पाठवलेस? जागा तर तुला ठाऊक होती!

ताबडतोब कुंपण काढ. निंबापासून बारा साखळ्या बारा आणे आणि खांबापासून अकरा, असे साखळीनं मोजलेले दोन दोर ताणायचे. जिथे दोन्ही टोकं मिळतील तिथेच खणायचं. कोळसा निघाला तर पंचांपुढे माझा कागद मी स्वतः फाडीन.

विमल


बोरखडी
९ डिसेंबर १९६१

विमल,

तुझं पत्र बेबीनं वाचून दाखवलं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडून मला चोर म्हणवून घ्यायची वेळ आणलीस.

तेव्हा मी शाळेत होतो. मला काही ठाऊक नाही. पूनमसिंग म्हातारा झाला, त्याला कोण कुठे होतं ते काय आठवतं? कोळसा पुरानं नेला. एवढा मोठा गोटा नेला, तो कोळसा सोडीन काय?

आणि तुझं काय चाललं आहे? ऑक्टोबरात एक उत्तर, डिसेंबरात दुसरं. संक्रांतीला तिसरं पाठवशील. पंचनाम्याला तुझ्या सहीचा कागद जोडला आहे. आता तू फिरलीस तर गावात मी तोंड काढू शकत नाही. पंच म्हणतील, भाऊ-बहीण मिळून खेळ करून राहिले. वाणी, पाटील, सगळे मला विचारतील. तांड्याचं तुला एवढं पडलं, आणि ज्या भावानं तुला शिकू दिलं त्याचं काहीच नाही? बाबा तुला चौथीतच काढणार होते. मी म्हटलं, शिकू द्या. ते आज मलाच भोवतंय.

विहीर माझ्या वावरात आहे आणि राहील. हक्कसोडाचा कागद सही करून आठ दिवसांत पाठव. नाही पाठवलास तर ह्या घराचं दार तुला बंद. लुगडं बेबी नेसेल.

नागोराव


दारव्हा
१५ डिसेंबर १९६१

भाऊ,

बाबा मला चौथीत काढणार होते आणि तू म्हणालास शिकू द्या, हे खरं आहे. मी कधी विसरले नाही. म्हणून तर जास्त चीड येते. शिकवलंस ते तुझ्या बाजूनं आकडे फिरवायला शिकवलंस काय?

सही करणार नाही. कागद ज्या घडीत आला त्याच घडीत ठेवला आहे.

रविवारी, चोवीस तारखेला, मी पहिल्या मोटारीनं बाभुळगावला उतरते. तिथून बैलगाडी. पटवाऱ्याला आणि पंचांना वेगळी पत्रं टाकली आहेत. बाबांची साखळी माझ्याकडेच आहे, ती आणते, तिनं दोन दोर मोजून घेऊ. निंबापाशी एक माणूस, खांबापाशी एक आणि दोन्ही टोकं जुळवायला मी. त्यातला निंबापाशी उभा राहणारा माणूस तू असावास, असं मला वाटतं. नाही आलास तर दुसरं कोणी धरील.

विमल


दारव्हा
२६ डिसेंबर १९६१

भाऊ,

तू आला नाहीस. तुझ्या घराच्या ओट्यावरून निंब दिसतो, म्हणजे तू पाहत असशील. तरी सांगते.

निंबापाशी मानीबाई उभी राहिली. खांबापाशी पूनमसिंगकाका. त्यांनी दोन लांब दोर नामदेव पाटलांच्या घरून आणले होते, ते मी बाबांच्या साखळीनं मोजून घेतले. मी दोन्ही टोकं हातात घेऊन त्या रेतीत पुढं-मागं सरकत होते. पंच विहिरीच्या कठड्यावर बसून गंमत पाहत होते. पटवारी म्हणाला, "बाई, पाय दुखतीन, सावलीत बसा." मी म्हटलं, माझ्या सहीनं बायांचे पाय दोन महिने दुखले, माझे आज एक दिवस दुखू द्या. मग कोणी हसलं नाही.

टोकं जुळली ती जागा पूनमसिंगकाकांच्या दुसऱ्या खड्ड्यापासून फक्त सात हात निघाली. सात हात, भाऊ! माझ्या कागदानं त्यांना तीनशे फूट मागं ढकललं होतं. खणायला त्यांचाच पुतण्या शंकरसिंग होता. अडीच हातांपर्यंत रेती, मग काळी माती, आणि मग फावडं कोळशात गेलं. टोपलीभर कोळसा, पुरानं त्याला हातही लावलेला नाही. मानीबाई खाली बसली आणि मूठभर कोळसा हातात घेऊन मोठ्यानं रडली. रडता रडता तुला शिव्याही देत होती. मी थांबवलं नाही. मलाही दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या.

कोळशाच्या तळाशी सोड्याच्या बाटलीतली काचेची गोळी निघाली. हिरवी, एका बाजूनं टवका गेलेली. पूनमसिंगकाकांनी ती धोतरानं पुसली आणि म्हणाले, "हेच होये! ह्याच्याच पायी ते पोरगं रडलं होतं. बाभुळगावच्या बाजारातून आणली होती त्यानं." पंचांनी ती एकमेकांच्या हातात देऊन पाहिली. मग सगळे तुझ्या घराकडे पाहायला लागले. मला मेल्यासारखं झालं.

गोळी सोबत पाठवते. तू शाळेत होतास ना? मग ही तिथे चालत गेली असेल.

माझा कागद मी चौघांत फाडला. नवा पंचनामा झाला. त्याच कोळशावर गोटा रोवला. कुंपण मी आणि बायांनी मिळून काढलं, तुझे बोरीचे काटे हातात मोडले आहेत आणि त्याच हातानं हे लिहिते. तुझा तो दुसरा गोटा उपटला तेव्हा मुद्दाम खाली पाहिलं. तिथे कोळसा नव्हता. खोट्या जागी कोळसा टाकायची तुझी हिंमत झाली नाही, म्हणजे बाबांची अजून थोडी भीती तुला आहे. त्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

आता हक्कसोडाचं. तो कागद मी चुलीत घातला. वावर बाबांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं होतं, अर्धं माझं आहे. खरं वावर एक एकर चोवीस गुंठे भरतं, म्हणजे माझे बत्तीस गुंठे. ते कुठले घ्यायचे तेही मी ठरवलं आहे. निंबापासून नाल्याच्या बाजूनं सहा साखळ्या सहा आणे मोज, म्हणजे बाजूचा बरोबर मध्य. तिथून खांबापर्यंत सरळ रेघ मार. दोन्ही तुकडे सारखे होतात. चित्र काढून तीनदा तपासलं आहे. निंबाकडचा तुकडा तुझा. तांड्याकडचा माझा.

म्हणजे आजपासून तुझा धुरा पूनमसिंगकाकांना लागत नाही. तो मला लागतो. सरकवायचा असेल तर माझ्याशी सरकव.

माझा तुकडा मानीबाई वाहील. पटवाऱ्याकडे अर्ज दिला आहे. तुझ्या दाराशी मी येणार नाही, ते तू बंद केलंस. पण वावरात येईन.

विमल


बोरखडी
८ जानेवारी १९६२

विमल,

गोळी पोचली. बेबीनं विचारलं हे काय, तर मी ती मुठीत धरून ओट्यावर गेलो.

बाबांनी ती माझ्या मुठीतून ओढून घेतली होती. मी सोडत नव्हतो. तेव्हाही असाच राग आला होता. पूर गेल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या जागी जाऊन उभा राहिलो होतो. नेमकं तिथेच. मग साखळी घेतली, तर अकरा पलीकडेही भरल्या. मला वाटलं, गणितच म्हणत असेल तर मी कोण? तुझा कागद आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

चौघांत मला खोटं पाडलंस ते मी विसरणार नाही. आपलं बोलणं बंद. वावरात आलीस तरी मी बोलणार नाही.

निंबापासून सहा साखळ्या सहा आणे काल मोजले. खांबापर्यंत दोरी लावून पाहिली, सरळ आहे. खड्डा खणून ठेवला आहे. कोळसा मी टाकला, वर गोळी टाकली. तुझं काय टाकायचं ते घेऊन ये, मग बुजवतो.

नागोराव